माणूस काढायचे किती?

७ जानेवारी

नोकरी सुटली, काम सुटलं नाही. स्टुडिओच्या सरांनी मागच्या आठवड्यात बोलावून सांगितलं की एडिटिंग आता बाहेरून करून घ्यायचं ठरलंय. मी विचारलं, बाहेरून म्हणजे कुणाकडून? तर म्हणाले, तूही करू शकतेस की. म्हणजे तेच काम, तसंच मान मोडून बसणं, फक्त पगार नाही आणि चहा माझा मी करायचा.

मागची खोली रिकामी केली. बॅगा माळ्यावर गेल्या, कपड्यांची दोरी गॅलरीत, इस्त्रीचं टेबल दाराआड. खिडकीला जाड पडदा लावला, कारण उजेड आला की स्क्रीनवरचे रंग खरे दिसत नाहीत. गिऱ्हाइकाला बसायला भिंतीशी लाकडी बाक ठेवला. सासूबाई दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे आता दिवसभर अंधारात बसून टीव्ही बघणार तर." त्यांच्या लेखी मी इतकी वर्षं हेच करत आले.

नवरा एका गोदामात हिशेब बघतो. त्याची एकच अट: रोज काय केलं आणि किती वेळ लागला ते लिहून ठेव, नाहीतर दर कशावर लावणार? म्हणून ही वही. वेळ लिहायला बसले आणि बघा, भलतंच लिहीत सुटले.

११ जानेवारी

पहिलं काम नणंदेचं. मुलाच्या वाढदिवसाचे फोटो आणि मागे गाणं. "पाचच मिनिटांचं तर काम आहे, वहिनी." पाच मिनिटांचा व्हिडिओ आणि पाच मिनिटांचं काम यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, पण नणंदेला हे कोण सांगणार?

तिला प्रत्येक फोटो निराळ्या तऱ्हेने यायला हवा होता. एक गरगर फिरत, एक काचेसारखा फुटून, एक पान उलटल्यासारखा. मी म्हटलं, अगं, मूल दिसू दे ना लोकांना. ती म्हणाली, मग तू काय केलंस ते कसं दिसणार? बोलणं खोटं नव्हतं. चांगलं एडिटिंग दिसत नाही आणि जे दिसत नाही त्याचे पैसे मागताना जीभ अडखळते. फोटो गरगर फिरवून दिले. ती खूश. घरचंच काम, त्यामुळे पैशांचा विषय निघालाच नाही. दोन दिवस गेले.

१९ जानेवारी

आज खरं गिऱ्हाईक. चौकातल्या रंगाच्या दुकानाचे काका. साठीच्या आसपासचे, नखांच्या कडांना पांढरा रंग, बोलणं मोजकं. मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घेऊन आले. लग्न दोन वर्षांपूर्वीचं. मला वाटलं छोटा करून हवा असेल. तसं नव्हतं. त्यातला एक माणूस काढायचा होता.

मी व्हिडिओ लावला. काकांनी स्क्रीनकडे न बघता बोटाने दाखवलं. "हा. निळ्या शर्टातला. आमचा मुलगा. आता नाही तो आमच्यात."

मी पुढे काही विचारलं नाही. गिऱ्हाइकाच्या घरात डोकावू नये, हा स्टुडिओतला पहिला धडा. घरोघरी मातीच्या चुली. भांडून गेला असेल, मनाविरुद्ध लग्न केलं असेल, दुकानाच्या वाटणीवरून बिनसलं असेल. पण मुलाला बहिणीच्या लग्नातून पुसून टाकायचं म्हणजे बापाचा रागही भलताच म्हणायचा.

काकांनी विचारलं, "माणूस काढायचे किती? आमच्याकडे फुटावर असतं. तुमच्याकडे कसं, माणसावर?"

मला हसू आलं, ते हसले नाहीत. मी मनात अंदाज बांधला. पाच-सहा ठिकाणी दिसतोय, आठवडाभरात होईल. पहिलंच खरं गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून एकरकमी आकडा सांगितला, तोही कमी. त्यांनी घासाघीस न करता निम्मे पैसे तिथेच दिले. तेव्हाच कळायला हवं होतं की आकडा चुकलाय.

जाताना म्हणाले, घरी काकूंना विचारायला फोन करू नका, जे काय ते माझ्याशी बोला.

२२ जानेवारी

माणूस काढला की त्याच्या जागी भोक पडतं. ते भरायला मागची भिंत लागते, रिकामी भिंत, त्याच उजेडातली. म्हणून लग्नाचं शूटिंग करणाऱ्या फोटोवाल्याला गाठलं. भला माणूस. जुनी कामं पुसत नाही. त्याने न कापलेल्या सगळ्या शूटिंगची आख्खी डिस्क हवाली केली. त्यात हॉलची रिकामी भिंत सापडली, सकाळी खुर्च्या लावतानाची. तीच आणून जोडायची.

काकांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, म्हणजे आमच्यासारखंच, आधी खरवडायचं आणि मग पुट्टी भरायची. मी म्हटलं, हो, तसंच.

२७ जानेवारी

अंदाज साफ चुकला. पाच-सहा ठिकाणी म्हणे. हा मुलगा जिथेतिथे आहे. दारात स्वागताला हा, जेवणाच्या रांगेत ताटं उचलायला हा, नाचताना मधोमध हाच. माणूस काढला तरी सावली राहते. सावली काढली तर आरशात असतो. तोही काढला, तर बहिणीच्या खांद्यावर ठेवलेल्या हाताखाली कापड दबलेलं दिसतं. ते सरळ करायला आजची सगळी दुपार गेली.

नवऱ्याने वही बघितली. मी सांगितलेली रक्कम तासांनी भागून दाखवली. आमच्या जिना झाडणाऱ्या बाईंना तासाचे जास्त पडत असतील. मी म्हटलं, आता शब्द दिलाय. तो म्हणाला, शब्द पाळ, पण पुढच्या वेळी देण्याआधी दोन दिवस माग. आधी एक तुकडा करून बघ, त्यावरून हिशेब कर. माणूस साधा, पण बोलला ते पटलं.

३० जानेवारी

सासूबाई चहा घेऊन आत आल्या. स्क्रीनवर एकाच दृश्याची दोन रूपं शेजारीशेजारी होती. डावीकडे भाऊ-बहीण हसताहेत, उजवीकडे नुसती बहीण. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग विचारलं, "गेला का गं हा?"

मी म्हटलं, "हो, भांडून गेला असणार. बापाला त्याचं तोंडसुद्धा बघवत नाही."

त्यांनी कप ठेवला आणि दार हळूच ओढून घेऊन गेल्या. एरवी दार उघडं टाकून जातात.

३ फेब्रुवारी

पहिला कट दाखवला. काकांनी बघितला, म्हणजे आपल्या गुडघ्यांकडे बघत ऐकला. एका ठिकाणी दचकले. म्हणाले, हसणं ऐकू येतंय. खरंच, चित्रातून मुलगा गेला तरी गलक्यात त्याचा आवाज उरलाच होता, मोठा, खो-खो. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काढते म्हटलं.

मग दारापर्यंत जाऊन परत आले. म्हणाले, बहिणीच्या खांद्यावरचा हात काढलात का? काढला, मी म्हटलं. म्हणाले, तेवढा राहू द्या.

नुसता हात कसा ठेवणार? तुटलेला दिसेल. मी समजावून सांगितलं. ते मान हलवत राहिले, मग म्हणाले, बरं, तुम्ही म्हणाल तसं. आणि जे काढलंय ते फेकून देऊ नका.

रागावलेल्या माणसांचं असंच. एकदा ठरवत नाहीत धड. यापुढे लेखी देणार: बदल दोनदा फुकट, तिसऱ्या वेळेपासून तासाचा दर.

८ फेब्रुवारी

सरांचा फोन. एका शाळेची फिल्म आहे, तयार मिनिटाला इतके देतो म्हणाले. मी आधी थोडं फुटेज मागितलं. दोन मिनिटांच्या फिल्मसाठी एका दिवसाचंही असतं आणि चार दिवसांचंही, मिनिटावर दर कसा सांगू? सर म्हणाले, अगं तू घरचीच आहेस. घरची होते तर घरातून काढली कशाला, हे ओठांवर आलं होतं. गिळलं. ताशी दर सांगितला, सांगताना जीभ अडखळली. बघतो म्हणाले.

नणंदेचाही निरोप. तिच्या मैत्रिणीला तसाच गरगर फिरणारा व्हिडिओ हवाय. दर कळवला. उत्तर नाही.

९ फेब्रुवारी

आजचं लिहायला नको वाटतंय, तरी लिहिते.

अकराच्या सुमाराला एका अनोळखी बाईचा फोन. ती काकांची मुलगी, म्हणजे लग्न जिचं तीच. दुसऱ्या शहरात असते. आईने फोनवर सांगितलं की वडिलांनी भावाला काढून टाकायला व्हिडिओ कुठेतरी दिलाय, मग फोटोवाल्याकडून माझा नंबर मिळवला. माझ्या लग्नातून माझ्या भावाला काढायचं तुम्हाला कोणी सांगितलं, असं तिने विचारलं.

दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये सापडू नये, हे स्टुडिओत बघितलेलं. मी अगदी थंडपणे बोलले. तिला म्हटलं, "ताई, घरातली भांडणं घरात मिटवा. भावाला घेऊन वडिलांसमोर बसा, समेट झाला की मला कळवा. मी परत घालून देईन."

मला वाटलं फोन कट झाला.

मग ती म्हणाली, "भाऊ वारला हो आमचा. मागच्या वर्षी. मोटरसायकलवरून येत होता."

तीच मला म्हणाली, तुम्हाला माहीत नव्हतं ना, असू दे. आणि रडायला लागली.

फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला वाटलं तुला ठाऊक आहे आणि बोलायचं नाहीये, म्हणून भांडणाचं सांगतेस. दोन पोरांच्या जागी एकच पोर दिसली, मला दुसरं काय वाटणार?"

तीन आठवडे मी त्या मुलाच्या कपाळावरची खूणसुद्धा ओळखत होते.

१० फेब्रुवारी

काम थांबवलं. काकांना फोन करायचं ठरवलं आणि केला नाही. काय विचारणार?

१२ फेब्रुवारी

काकू आल्या. कळवून नव्हे, अशाच. जिना चढून दम लागला होता. मी पाणी दिलं. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार आणि ऐकून घ्यायची तयारीही होती. पण त्या बाकावर बसून खोली बघत राहिल्या. मग म्हणाल्या, केलंय ते दाखवा.

मी म्हटलं, नको.

म्हणाल्या, दाखवा.

लावलं. त्या शेवटपर्यंत बघत होत्या, मानसुद्धा न हलवता. संपल्यावर म्हणाल्या, "सफाईदार केलंय. कुठे जोड दिसत नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजवर कामाचं इतकं खरं कौतुक कोणी केलं नव्हतं आणि ते मला नको होतं. मग म्हणाल्या, "फक्त माझी मुलगी वेडी दिसते हो. भिंतीकडे बघून हसते."

हळूहळू सांगितलं त्यांनी. रोज दुपारची कामं आटोपली की त्या व्हिडिओ लावतात. मुलगा येतो तेवढा बघतात, बंद करतात आणि उठून कणीक मळायला घेतात. रडतात का? कधीतरी. "ह्यांना वाटतं मी झुरते. मी नाही झुरत, मी भेटते. आवाज ह्यांना सोसत नाही. दुपारी जेवायला घरी यायचे ते बंद झाले, डबा मागवतात दुकानावर. माझ्यासाठी काढतोय म्हणाले. माझ्यासाठी कसलं?"

मी जुनी फाइल त्यांना द्यायला काढली. मूळ व्हिडिओ होता तसा, धक्का न लागलेला. पेन ड्राइव्ह हातात घेऊन त्या म्हणाल्या, पाठ झालाय आता. तो पुढे काय बोलणार ते आधीच माझ्या तोंडात येतं. नवीन काही आता होणार नाही, एवढंच.

तेव्हा मला डिस्क आठवली. म्हणजे विसरले नव्हते, पण मी तिच्याकडे भिंतीसाठीच बघत होते. लग्नाचा व्हिडिओ तास-दीड तासाचा असतो. शूटिंग दोन कॅमेऱ्यांवर दिवसभर चाललं होतं. उरलेलं सगळं फोटोवाल्याने टाकून दिलं होतं, आपण टाकतोच. हललेलं, अंधारलेलं, बिनकामाचं. त्यात तो तीन खुर्च्या जोडून झोपला होता. त्यात तो आइस्क्रीमवाल्याशी वाद घालत होता. रिकाम्या भिंतीच्या शोधात मी ते पुढे पळवत गेले होते.

मी काकूंना सांगितलं, तुम्ही न बघितलेलं पुष्कळ आहे.

त्यांना कळलंच नाही आधी. मग अगदी हळू म्हणाल्या, "म्हणजे मी न बघितलेला तो?"

खुर्च्यांवर झोपलेला लावला. काही नाही त्यात. मुलगा झोपलाय, तोंड उघडं, एक बूट निघालेला. कोणीतरी कॅमेऱ्यामागून हसतंय. मग डोळे उघडतो, म्हणतो, बंद कर रे, आणि कूस बदलतो. काकू पुढे झुकून बघत होत्या. "मोजे वेगवेगळे घातलेत गाढवाने," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

मी पुढचं लावायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. आज एवढंच. एकदम संपवायचं नाही.

१६ फेब्रुवारी

काकूंना म्हटलं होतं, तुम्ही या, याचे पैसे नकोत. मला वाटलं होतं निदान एवढं तरी करावं. आज आल्या त्या बसल्याच नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, दर सांगा.

मी नको नको म्हणत राहिले. तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही फुकट केलंत तर मी दुसऱ्यांदा येईन, तिसऱ्यांदा येईन, चौथ्यांदा मला लाज वाटेल. पैसे घ्या, म्हणजे मला हक्काने येता येईल."

दर सांगितला. जो सरांना सांगितला होता तोच, ना कमी ना जास्त. या वेळी जीभ अडखळली नाही. त्या बसल्या. आइस्क्रीमवाल्याशी वाद बघितला. मुलगा म्हणतो, लहान पोरांना आधी द्या, मोठे काय पळून जाताहेत? काकू म्हणाल्या, हा असाच.

त्या गेल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, पक्कं बिल दे त्यांना, छापलेलं.

२० फेब्रुवारी

सरांनी शाळेचं काम दिलं, ताशी दराने. म्हणाले, तू फार बदललीस. अर्धं काम दुसऱ्या कुणाला दिलं, स्वस्तात. देऊ दे.

नणंदेच्या मैत्रिणीचंही आलं. एकच फोटो गरगर फिरवला, बाकीचे साधे. तक्रार नाही.

२३ फेब्रुवारी

काकांच्या मुलीशी फोनवर बोलले. माफी मागितली. ती म्हणाली, आई आता फोनवर दुसरंही बोलायला लागलीये, शेजाऱ्यापाजाऱ्यांचं, भाजीचं. तिच्या लग्नातलं तिच्या भावाचं न पाहिलेलं मी तिलाही पाठवायचं ठरलं. तिनेही पहिला प्रश्न दराचाच केला. आईवर गेलीये.

माणूस काढायच्या कामाचे उरलेले पैसे नकोत असं काकांना कळवलं. त्यांनी दुकानातल्या माणसाबरोबर पाकीट पाठवलं. आत पुरी रक्कम. काम झालं होतं, असं काकूंकरवी सांगितलं. काका स्वतः काकूंना सोडायला येतात. खाली स्कूटरवर बसून राहतात. वर येत नाहीत. खिडकीचा पडदा जरा सरकवला की त्यांचं टक्कल दिसतं.

२ मार्च

आज काकांना वर यावं लागलं. काकूंचा गुडघा धरला होता, जिना चढताना आधार हवा होता. काकूंना बाकावर बसवून ते लगेच वळले. मी बसा म्हटलं तर दुकान उघडं टाकून आलोय म्हणाले, पण दारातच घुटमळले. मी लावलेला तुकडा सुरू झाला होता. थांबवावा का, ते मला सुचेना. काकूंनी मला हातानेच थांबवू नको म्हणून सांगितलं.

हा तुकडा मी आधी बघितला होता, पण नीट नाही. हॉलच्या मागच्या दाराशी कॅमेरा उभा आहे. मुलगा समोर येतो, घामाघूम, शर्टाच्या बाह्या वर. कॅमेऱ्यावाल्याला म्हणतो, "बाबांचा एकही फोटो नाहीये बघ. सारखे पळतात ते. थांब इथेच, धरून आणतो." आणि निघून जातो. पुढे बराच वेळ चौकटीत नुसतं दार आहे. माझ्या धंद्यात असल्या तुकड्याला कचरा म्हणतात. काही घडत नाही. कोणाची तरी पाठ जाते, एक लहान मुलगी येऊन जीभ दाखवून जाते.

मग तो येतो. वडिलांना कोपराला धरून, जवळजवळ ओढत. काका नको नको म्हणताहेत, हातातला रुमाल लपवताहेत. मुलगी सासरी जाणार म्हणून कुठेतरी मागे जाऊन डोळे पुसत होते, ते आत्ता लक्षात आलं. मुलगा त्यांची कॉलर नीट करतो. शेजारी उभा राहतो, खांद्यावर हात टाकतो आणि कॅमेऱ्याला म्हणतो, "हं, घे आता."

दोघं उभे आहेत. फोटो नाही, व्हिडिओ आहे हे त्यांना माहीत नसावं, म्हणून हलत नाहीत. नुसते कॅमेऱ्याकडे बघताहेत.

तुकडा संपला. मी मागे वळून बघितलं नाही. काकूंनीही बघितलं नाही.

काका म्हणाले, "पुन्हा लावा."

मी पुन्हा लावला. काकू बाकावर सरकल्या.